इंटर्न मंडळींबरोबर गोव्याबाहेर पडायचंय: आधी कुठे? (आणि माझी 'मॅनेजर' म्हणून झालेली नेमणूक रद्द कशी करू?)

शेवंती

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी मूळची डिचोलीची, सध्या जर्मनीत मास्टर्स करते. आमच्या अभ्यासक्रमात एक सत्र इंटर्नशिपचं असतं. ते मी खटपट करून पणजीजवळच्या एका प्रयोगशाळेत मिळवलं. प्राध्यापकांना कारण सांगितलं समुद्राचं, खरं कारण आईच्या हातचं हुमण (माशांची आमटी). इथे आल्यावर कळलं की आम्ही पाच जण आहोत: एक ब्राझीलची, एक पोर्तुगालची, एक जर्मन, एक नेपाळी आणि मी. पाचही जण ताळगावला एकाच फ्लॅटमध्ये राहतो. कागदोपत्री मीही बाहेरच्या विद्यापीठातून आलेली, पण बाकीच्या चौघांच्या लेखी मी म्हणजे भारत सरकार. गॅस संपला, शेवंती. पायलटवाला (मोटारसायकल टॅक्सीवाला) जास्त मागतोय, शेवंती. देवळात डावीकडून जायचं की उजवीकडून, शेवंती.

आता सगळ्यांना भारत बघायचाय. शनिवार-रविवार हाताशी आहेत, दिवाळीत सलग सुट्टी आहे आणि जानेवारीत थोडी रजा मिळेल. यादीत हंपी, मुंबई, कोची आणि अर्थातच ताजमहाल. जर्मनाने चक्क एक्सेलमध्ये तक्ता केलाय, त्यात दिल्लीहून वाराणसी 'दुपारी' असं लिहिलंय.

प्रश्न दोन. एक, गोव्याहून सुरुवात कुठून करावी? आणि दोन, जो मला जास्त छळतोय: प्रवासभर तिकीट, हॉटेल, भाव, भाषांतर आणि सगळ्यांच्या पोटाची काळजी माझ्याच गळ्यात पडणार हे दिसतंय. मलाही फिरायचंय हो! हंपी मी तरी कुठे पाहिलीय?

आईचं म्हणणं, तू घरी आलीयेस की पर्यटनाला? त्याला उत्तर नाही.

---

रुळावरचा_केपेकर

धाग्याची वाटच बघत होतो. विमानाचं नाव काढू नका, आगगाडीनेच जा.

हंपीसाठी वास्कोहून शालिमारला (हावडा) जाणारी अमरावती एक्स्प्रेस. सकाळी निघते, दुपारी होसपेटला सोडते. रोज नसते, वार बघून घ्या. कुळें ते कॅसल रॉक हा घाट दिवसाउजेडी मिळतो. चढ ३७ ला १ असा आहे, त्यामुळे कुळ्यात जादा इंजिनं जोडतात. ही मार्मागोवा बंदराची जुनी लाईन, १८८० च्या दशकातली. दूधसागर गाडीतूनच दिसतो, पूल त्याच्या पुढ्यातच आहे. उतरून रुळांवरून चालत जायचा बेत कोणी काढला तर तिथेच हाणून पाडा. बंदी आहे, आणि जुलै २०२३ मध्ये रेल्वे पोलिसांनी चालत गेलेल्यांना रुळांशेजारी कान धरून उठाबशा काढायला लावल्या होत्या. ते चित्र ब्राझीलपर्यंत पोचायला नको.

आता तिकिटं. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. परदेशी पर्यटकांना मात्र ३६५ दिवस आधीची मुभा कायम आहे आणि त्यांचा वेगळा कोटाही असतो, पण सगळ्या गाड्यांत नाही. गोम अशी की तू भारतीय नागरिक, तुला तो कोटा नाही. म्हणजे ते चौघे एका डब्यात आणि तू दुसऱ्या टोकाला. त्यापेक्षा साठाव्या दिवशी साध्या कोट्यात एकाच पीएनआरवर पाचही जणांचं काढ, सहापर्यंत चालतात. ओळखपत्र म्हणून त्यांना पासपोर्ट पुरतो.

तत्काळवर विसंबू नकोस. आदल्या दिवशी सकाळी १० ला एसी आणि ११ ला बिगर-एसी उघडतं, एका तिकिटावर चारच जण, आणि जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार जोडलेलं खातं लागतं. म्हणजे तेही तुझ्याच गळ्यात.

आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक विसरू नका. पावसात घाटातला वेग कमी करतात, त्यामुळे वेळा बदलतात. दिवाळीच्या आसपास नेहमीचं वेळापत्रक लागू झालेलं असेल, पण गुगलवर जुनी वेळ बघून स्टेशनात जाऊ नये.

---

गिरीची_आक्का

अगो बाय, आधी त्या भुरग्यांना डिचोलीला घरी जेवायला घेऊन जा. आई का चिडलीय ते आपोआप कळेल.

पोटाचं सांगते. पहिले काही दिवस बाहेरचं कच्चं, चटणी, कापून ठेवलेली फळं नकोत. गरमागरम उकळलेलं काहीही चालतं. ओआरएसची पाकिटं प्रत्येकाच्या स्वतःच्या पिशवीत असू देत. प्रत्येकाच्या म्हणजे प्रत्येकाच्या. तुझ्या पिशवीत पाच जणांची नकोत. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच.

---

शेवंती

आक्का, येत्या रविवारचं आमंत्रण आईने परस्पर देऊनही टाकलंय. चौघांत शिवराक (शाकाहारी) फक्त जर्मन, त्यामुळे खतखतें (मिश्र भाज्यांचं कालवण) त्याच्या नावाने होणार.

केपेकर, वेगळ्या कोट्यामुळे वेगळा डबा हे मला अजिबात माहीत नव्हतं. (एक क्षण मोह झाला, खोटं कशाला बोलू.)

---

दिल्लीत_दोन_हिवाळे

तुझ्या दुसऱ्या प्रश्नासाठी लॉगिन केलं.

शिकत असताना मी दिल्लीत एका ठिकाणी इंटर्न होतो, बरोबरची सगळी मुलं बाहेरच्या देशांतली. मी म्हापशाचा. दिल्ली मलाही परकीच, पण हिंदी येत होती, आणि तिथेच घात झाला. जयपूर, आग्रा, ऋषिकेश, सगळीकडे रिक्षावाला माझ्याशी बोलायचा, वेटर माझ्याकडे बघायचा, बिल माझ्यापुढे यायचं. गटाला मी म्हणजे सोय आणि समोरच्याला मी म्हणजे या गिऱ्हाइकांचा दलाल. एका दुकानदाराने मला बाजूला घेऊन 'तुमचं कमिशन किती?' असं सरळ विचारलं. ताजपुढच्या फोटोंत मी जवळजवळ नाहीच, कारण ते मीच काढलेत.

तू गप्प बसायचं ठरवलंस तरी हे टळत नाही. गाडी चुकायला आली की तोंड उघडावंच लागतं. म्हणून माझं मत: पहिला प्रवास अशा ठिकाणी करा जिथली भाषा तुलाही येत नाही. मुंबईला सर्वात आधी अजिबात जाऊ नका. तिथे मराठी, हिंदी दोन्ही चालणार, म्हणजे तू पहिल्याच फेरीत कायमची मॅनेजर होणार, आणि एकदा लागलेली सवय गट सोडत नाही. हंपीला जा. कानडी तुला येते का? नसेल तर उत्तमच. पाचही जण सारखेच अडाणी. मग कोण हातवारे करेल, कोण नकाशा धरेल, कोण पुढे होऊन विचारेल ते आपोआप ठरतं. हे ठरण्यासाठीच पहिली फेरी असते. मुंबई नंतर ठेवा, तेव्हा तू हक्काने मिरव.

पैशांचं वेगळं. यूपीआय तुझ्याकडे असणार आणि त्यांच्याकडे बहुधा नसणार, म्हणजे चहापासून लॉजपर्यंत पैसे तू भरणार आणि ते 'नंतर देतो' म्हणणार. नियत चांगली असते, हिशेब नसतो. निघताना प्रत्येकाकडून सारखी रोख रक्कम घेऊन एका पाकिटात ठेवा आणि ते पाकीट तू सांभाळू नकोस. तक्ता करणाऱ्या त्या जर्मनाच्या हातात दे. त्याला आनंद होईल.

सेल्फीचंही आधीच बोलून ठेवा. ब्राझीलवाली आणि पोर्तुगालवाली यांच्यासोबत फोटो काढायला लोक येणार, लहान मुलं त्यांच्या मांडीवर ठेवणार. एकीला मजा वाटेल, दुसरीला तिसऱ्या फोटोनंतर वीट येईल. नाही म्हणायचं काम तिचं तिने करावं. तू मध्ये पडलीस की 'मॅडम, आप बोलो ना उनको' सुरू होतं.

---

चिंचेचें_झाड

+१. कमिशनवरून जाम हसलो.

---

रुळावरचा_केपेकर

दिल्लीकरांचा मुद्दा मानला. एक भर: स्लीपरने जा. खिडकी उघडी, घाटाचा वारा, चहावाला. एसीच्या काळ्या काचेतून दूधसागर बघायचा म्हणजे कूलिंग ग्लास लावून नाटक बघण्यासारखं आहे.

---

गिरीची_आक्का

दिवसा स्लीपर ठीक. रात्रीचा प्रवास असेल तर तिघी मुलींना घेऊन थ्री एसीच. वारा दुसऱ्या दिवशीही मिळतो.

---

रुळावरचा_केपेकर

आक्का, अमरावतीचा होसपेटपर्यंतचा प्रवास दिवसाचाच आहे. पण मुद्दा मान्य.

---

अनवाणी

हंपीला वरचेवर जाणं होतं, म्हणून थोडं सविस्तर.

होसपेट ते हंपी १३ किलोमीटर, बस आणि रिक्षा दोन्ही मिळतात. पूर्वी परदेशी मंडळी नदीपलीकडे विरुपापूर गड्डीला राहायची. तिथली बेकायदा गेस्टहाऊसं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२० मध्ये पाडली. जुन्या ब्लॉगांवर अजून त्यांचीच शिफारस असते, फसू नका. आता हंपी गाव, कमलापूर किंवा पलीकडे आनेगुंदी, सणापूर. सणापूरच्या बाजूला रात्री उशिरा कालव्याकाठी बसू नका. मार्च २०२५ मध्ये तिथे पर्यटकांवर भयंकर हल्ला झाला होता. हंपी गावात मांसाहार आणि दारू मिळत नाही, त्याची कल्पना आधीच द्या.

तिकीट: विठ्ठल मंदिर आणि झनाना आवार (कमळ महाल तिथेच) यांना पुरातत्त्व खात्याचं एकच तिकीट, त्याच दिवशी दोन्हीकडे चालतं. भारतीयांना ४० रुपये, परदेशी नागरिकांना ६००. मात्र सार्क आणि बिमस्टेक (शेजारी देशांचे गट) यांतल्या देशांना भारतीय दर, म्हणजे तुमचा नेपाळी मित्र ४० मध्ये जाईल. पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचा दाखला मूळ प्रतीत न्यायला सांगा. विरूपाक्ष मंदिर चालू देवस्थान आहे, त्याचं वेगळं.

विठ्ठल मंदिरात आत मूर्ती नाही. आपल्याकडची परंपरा सांगते की कृष्णदेवरायाने पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरला, म्हणजे इथे हंपीला, नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास महाराज ती परत घेऊन आले. इतिहासकार यावर वाद घालतात, घालू देत. रिकाम्या गाभाऱ्यापुढे उभं राहून ही गोष्ट सांगताना वारकऱ्याच्या घरातल्या माणसाचा आवाज जरा बदलतोच. ही एवढी एक जागा सोडून गाईडगिरी करू नकोस, शेवंती.

आणि एक. आपलं ओल्ड गोवा आणि हंपी, दोन्ही १९८६ मध्येच जागतिक वारशाच्या यादीत आले. पोर्तुगालवालीला सांग, एकाच वर्षीची भावंडं आहेत.

---

कायदेकानू

कोरडा प्रतिसाद देतोय, पण कामाचा.

१८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी विद्यार्थ्याने आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांचं नोंदणी कार्यालय) नोंदणी करायची असते. ती झालीय का, ते आधी विचार. नेपाळी नागरिकाला व्हिसा लागत नाही, त्याचा प्रश्न नाही.

परदेशी पाहुणा रात्री मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत यजमानाने ऑनलाइन फॉर्म सी (२०२५ च्या नव्या नियमांत फॉर्म ३) भरायचा असतो, आणि हे फक्त हॉटेलांपुरतं नाही, घरालाही लागू आहे. रविवारी जेवून परतणार असाल तर काही नाही. आईने आग्रहाने रात्री ठेवून घेतलं तर भरावा लागेल (आणि आई ठेवून घेणारच). बरेच छोटे लॉज या कटकटीमुळे परदेशी गिऱ्हाईक घेतच नाहीत, आरक्षण केलेलं असूनही दारातून परत पाठवतात. म्हणून फोन करून 'फॉर्म सी भरता ना?' एवढं विचारून घ्यावं. हा फोन त्यांच्यापैकी कोणीही इंग्रजीतून करू शकतो.

सिक्कीमला परदेशी नागरिकांना परवाना लागतो. जर्मनाच्या तक्त्यात ते असेल तर आताच खोडा.

---

तांबडी_माती

सगळे निघाले गोव्याबाहेर! चौघांनी गोवा बघितला का पण? की कळंगुट-बागा झालं म्हणजे झालं?

शेवंती, तू डिचोलीची, तुला वाट ठाऊक असणार, तरी इथल्या इतरांसाठी लिहितो. जुन्या गोव्याहून व्हाइसरॉय कमानीपाशी फेरीबोट धर, दिवाडी बेटावर उतर. बेट ओलांडून पलीकडच्या धक्क्यावरून दुसरी फेरीबोट नार्व्याला. पायी माणसाला फुकट. नार्व्याला सप्तकोटेश्वर. कदंबांचं हे दैवत मुळात दिवाडीवर होतं. १६ व्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, मग देव नदीपार आणला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. नुकतंच पुन्हा दुरुस्त केलंय, फेब्रुवारी २०२३ मध्ये खुलं झालं. तिथून मये तळं आणि मग डिचोली, थेट आईच्या जेवणावर. टॅक्सीने गेलात तर यातलं काहीच दिसत नाही.

पोर्तुगालवालीला हा रस्ता पायी आणि बोटीने दाखव. तिच्या पूर्वजांचा हिशेब मागायला नव्हे. जुन्या गोव्यातल्या चर्चमध्ये सगळेच नेतात. नदीच्या पलीकडे काय झालं ते कोणी दाखवत नाही.

दुचाकी भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि दंड चालवणाऱ्यालाही भोवतो. परदेशी परवाना असेल तर आंतरराष्ट्रीय परमिट सोबत हवं.

केपेकर, तुमच्या तालुक्याजवळचं उसगाळीमळ पण सुचवा की! कुशावतीच्या काठची कातळशिल्पं १९९३ मध्ये उजेडात आली, अजून निम्म्या गोव्याला पत्ता नाही.

---

रुळावरचा_केपेकर

तिथे आगगाडी जात नाही, म्हणून राहिलं. :) गंभीरपणे, उसगाळीमळला पावसाळा सरल्यावरच जावं.

---

शेवंती

धागा वर काढतेय. हंपी झाली, वृत्तांत देते.

आधी नार्वे. तांबडी_माती, तुमच्या वाटेने गेलो. दिवाडीच्या फेरीबोटीवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पोर्तुगालवालीशी अस्खलित पोर्तुगीजमध्ये गप्पा सुरू केल्या. ब्राझीलवालीचं पोर्तुगीज ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, 'हे कसलं पोर्तुगीज!' दोघी पोट धरून हसत होत्या, मला एक अक्षर कळत नव्हतं. माझ्याच तालुक्याच्या वाटेवर मी पाहुणी! सप्तकोटेश्वराची गोष्ट पोर्तुगालवालीने शांतपणे ऐकली आणि विचारलं, 'हे आम्हाला शाळेत का नाही सांगत?' घरी आईने खतखतें, हुमण, तवसाळी, सगळं केलं होतं. जर्मनाने खतखत्यातल्या भाज्या मोजायला घेतल्या. रात्री कोणाला सोडलं नाहीच, फॉर्म सी बाबांनी भरला, चष्मा वर-खाली करत. कायदेकानू, आभार.

आता हंपी. गाडीत स्लीपर घेतलं (आक्का, दिवसाच). घाट चढताना आमच्या डब्यातलं हुबळीचं एक कुटुंब आणि आम्ही, दोघांनी डबे उघडले. त्यांना मराठी थोडी येत होती, त्यामुळे मॅनेजरपद लगेच माझ्या गळ्यात पडायला लागलं होतं, पण हुबळीला ते उतरले आणि मी सुटले.

होसपेटला उतरल्यापासून दिल्लीत_दोन_हिवाळे यांचं भाकीत खरं ठरलं. कानडी कोणालाच नाही. रिक्षावाल्यांशी हिंदीत बोलायला नेपाळी पुढे झाला. त्याची हिंदी माझ्यापेक्षा चांगली आहे हे मला इतक्या दिवसांत कळलंच नव्हतं, कारण मी त्याला कधी बोलू दिलं नव्हतं. लोक त्यालाच भारतीय समजत होते आणि माझ्या जर्मन बॅगेवरून मला विचारत होते, 'मॅडम, विच कंट्री?' पाकीट जर्मनाकडे. त्याने केळ्यांचा हिशेबही लिहिला.

खरी कमाल पोर्तुगालवालीने केली. विजयनगरच्या भरभराटीच्या काळात, कृष्णदेवराय राज्यावर असताना, दोमिंगो पाएस नावाचा पोर्तुगीज तिथे गेला होता आणि त्याने पाहिलेलं सगळं लिहून ठेवलंय. हे मला अगदी पुसट आठवत होतं. तिने तो मजकूर मूळ पोर्तुगीजमध्ये फोनवर उतरवून आणला होता. महानवमी डिब्बा या उंच दगडी चौथऱ्यावर बसून ती नऊ दिवसांच्या उत्सवाचं वर्णन वाचत होती: हत्ती, घोडे, नाच, कुस्त्या. वाचायचं आणि इंग्रजीत सांगायचं. शहर आपल्याला रोमएवढं मोठं वाटलं असं त्याने लिहिलंय, तेव्हा आम्ही सगळे समोरच्या ओसाड दगडांकडे बघायला लागलो. १५६५ च्या पराभवानंतर इथे काय झालं ते मग मी सांगितलं. एवढंच. बाकी सगळा वेळ मी ऐकणारी होते. शाळेत इतिहासाच्या तासालाही मी इतकी ऐकत नव्हते.

विठ्ठल मंदिरात मात्र मी बोलले. अनवाणी, तुम्ही म्हणालात तसंच झालं. आमच्या घरात वारी नाही, पण आजोबा साखळीच्या विठ्ठलापूरला नेमाने जायचे. भानुदासांची गोष्ट सांगताना घसा दाटला, ब्राझीलवालीने पाण्याची बाटली पुढे केली.

भांडणही झालं. तिकिटावरून. नेपाळी आणि मी ४०, बाकी तिघं ६००. जर्मनाचं म्हणणं, आमचा भत्ता सारखा, काम सारखं, मग तिकीट पंधरा पट का? नेपाळीचं म्हणणं, तुझ्या पासपोर्टवर तू जगात कुठेही उठून जातोस, मला जर्मनीचा व्हिसा मागायला किती कागद लागतात बघ. गरमागरमी झाली. मी मध्ये पडले नाही. हे मला फार जड गेलं, पण पडले नाही. संध्याकाळी मातंग टेकडीवरून उतरेपर्यंत दोघं बुद्धिबळावर आले होते.

परतीला अमरावतीचा वार जुळला नाही, हुबळीपर्यंत गाडी आणि तिथून बस. बसबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पाठ अजून दुखतेय.

---

चिंचेचें_झाड

झकास वृत्तांत. फेरीबोटीवरचे आजोबा बहुतेक आमच्या वाड्यावरचेच, आठ्यांवरून ओळखले!

---

कायदेकानू

जर्मन मित्राला सांगा, पॅरिसच्या लूव्रमध्ये १८ ते २५ वयाच्या युरोपीय रहिवाशांना प्रवेश मोफत आणि त्याच वयाच्या नेपाळ्याला पूर्ण तिकीट. दुहेरी दर ही काही फक्त आपलीच खोड नव्हे. तरी ६०० थोडे जास्त आहेत हे माझंही मत. विद्यार्थी म्हणून इथे राहणाऱ्यांना तरी सवलत हवी.

---

दिल्लीत_दोन_हिवाळे

माझं म्हणणं चाललं याचा आनंद. तू फोटोंत आहेस का?

---

शेवंती

आहे! बऱ्याच फोटोंत तोंड उघडं आहे, पण आहे.

आता दिवाळीत कोची की मुंबई?

---

माड_आणि_मासोळी

कोची. मडगावहून मंगला किंवा नेत्रावती थेट एर्नाकुलमला नेतात. आणि तुला एक गंमत मिळेल. मट्टांचेरीला तिरुमल देवस्वम् आहे, गौड सारस्वतांचं. गोव्यातून पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून निघालेली घराणी तिथे स्थिरावली. देवळाच्या आसपास कोकणी कानावर पडते, मल्याळी हेल असलेली. तुमच्या नार्व्याच्या गोष्टीचं पुढचं पान तिथे आहे. जवळच यहुद्यांचं परदेशी सिनेगॉग, १५६८ चं. शुक्रवार दुपार, शनिवार टाळा.

फक्त सावध: कोकणी ऐकून तू बोलायला लागलीस की मॅनेजरपद परत!

---

रुळावरचा_केपेकर

कोचीला जायचं तर जागा आताच बघा, दिवाळीला प्रतीक्षा यादी लांबते.

जानेवारीत आग्र्यासाठी गाडी बदलायची गरज नाही. वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेस आग्रा कँटोन्मेंटला थांबते. लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर असं करत जाते, दोन रात्री लागतात. रजा कमी असेल तर जाताना गाडी आणि येताना विमान. ताज शुक्रवारी बंद असतो, गाडीचा वार त्या हिशेबाने धरा. परदेशी नागरिकांना ११०० रुपये आणि मुख्य कबरीपाशी जायचे वेगळे २००. इथे सार्कवाल्यांना ५४०, म्हणजे या वेळी नेपाळीलाही थोडं टोचेल. बुद्धिबळाचा पट सोबत ठेवा.

उत्तरेत जानेवारीत धुकं असतं, गाड्या तासन्‌तास रखडतात. विमानाचं परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका.

---

शेवंती

कोचीची पाचही तिकिटं एका पीएनआरवर मिळाली, थ्री एसी. काढली जर्मनाने, माझ्या खात्यातून, मी फक्त ओटीपी सांगितला. आग्र्याचं साठ दिवस आधीचा गजर लावून ठेवलाय.

---

टिळकवाडीची_माई

मी बेळगावची, हा धागा पहिल्यापासून वाचतेय. गोवा एक्स्प्रेस आमच्या स्टेशनात संध्याकाळनंतर येते. जानेवारीत निघाल तेव्हा डबा नंबर व्यनि (खासगी निरोप) कर, कुंदा घेऊन फलाटावर येते. जर्मनाला गोड चालतं ना?

---

शेवंती

माई, चालतं म्हणजे! पण तुम्हाला त्रास नको.

---

टिळकवाडीची_माई

त्रास कसला गो. घर स्टेशनापासून रिक्षाने दहा मिनिटं. फक्त गाडी थांबते थोडा वेळ, तेव्हा दारात उभं राहायला त्या नेपाळी मुलाला सांग. तू खिडकीत बस.